शेठसाठी केलेलं शोकेस

हे मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. कल्याणीशीही नाही. ती माझी मुलगी, एकुलती एक. तिची आई तर हे घडायच्या आधीच गेली. ती असती तर सांगावं लागलंच नसतं म्हणा, माझं तोंड बघूनच तिने ओळखलं असतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या रस्त्यात समोर आलात तर नजर चुकवायची वेळ येणार नाही. बघा — सुरुवातच भित्र्या माणसाची झाली.

कुठून सांगू? हाताच्या गर्वापासून सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. मी आयटीआयमध्ये एकोणतीस वर्षं सुतारकाम शिकवलं. पोरं म्हणायची, सर लाकडाला नख लावून सांगतात झाड कुठल्या गावचं. साफ खोटं. पण मी ते कधी खोडून काढलं नाही, उलट नवी बॅच आली की मुद्दाम नख लावून दाखवायचो. निवृत्त झालो, हत्यारांची पेटी माळ्यावर गेली, आणि जळगावात मेहरूणच्या या तीन खोल्यांत मी सकाळचा पेपर दुपारी पुन्हा वाचायला लागलो. एकदा तर मिक्सरच्या माहितीपुस्तिकेतली मराठी पानं वाचून काढली — मिक्सर बिघडलेला नसताना.

मग शेठ आला.

शेठ म्हणजे सरडा. हसू नका. आपल्याकडचा नव्हे, परदेशी जातीचा — कोपरापासून बोटांपर्यंत लांब, मातकट पिवळा, गळ्याखाली काट्यांची दाढी. पुण्यात नोकरीला असताना कल्याणीने तो पाळला होता. घरमालकिणीने एक दिवस पाहिला आणि सांगून टाकलं, तो तरी ठेव नाहीतर खोली तरी. दिवाळीला ती त्याला प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घालून माझ्याकडे घेऊन आली आणि माझ्यावर सोपवून गेली. नाव तिनेच ठेवलेलं. उन्हात पोट टेकून असा बसायचा, की जणू गादीवर बसलेला व्यापारी. गिऱ्हाईक आलं काय, गेलं काय, उठायचा नाही. मधूनच पुढचा एक पाय हळू वर करायचा आणि खाली ठेवायचा. त्या पाय उचलण्याला मी नमस्कार म्हणायचो.

आता खरं सांगतो. मला सरड्याचं प्रेम नव्हतं — सुरुवातीला तरी नव्हतं. पण तो आल्यावर कल्याणीचे फोन वाढले. आधी रविवारी एक यायचा : पप्पा, जेवलात का, गोळी घेतली का, ठेवते. आता सकाळी एक आणि संध्याकाळी एक, तोही व्हिडिओ कॉल. शेठने काय खाल्लं, शेठ हलतोय का, फोन जरा खाली करा. फोन शेठसाठी यायचा, हे कळण्याइतका मी शहाणा होतो. पण फोन धरायला माणूस लागतंच की नाही? त्या निमित्ताने ती माझंही तोंड बघायची. मी दाढी रोज करायला लागलो होतो.

घरात आणखी एक माणूस होतं — अक्का. चोपड्याकडच्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून जळगावात खोली घेऊन चार घरची कामं करायच्या. कल्याणीची आई अंथरुणाला खिळली तेव्हा आमच्याकडे आल्या, ती गेल्यावरही येत राहिल्या. अकरा वर्षं. शेठ आला त्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन दारातच उभ्या राहिल्या. सरडा घरात ठेवतात का कुणी, म्हणाल्या. आठ दिवस त्या खोलीचा केर मीच काढला. नवव्या दिवशी बघतो तर अक्का क्रेटसमोर उकिडव्या बसून त्याला जास्वंदीचं फूल भरवतायत आणि त्यांच्या बोलीत विचारतायत, पोट भरलं का, थंडी वाजते का. त्याची मान थेट आपल्या सासऱ्यासारखी आहे, असं त्यांचं मत होतं. सासरा चांगला होता का, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, चांगला होता, पण असाच — बघत बसायचा, बोलायचा नाही.

क्रेट लहान पडत होता. कल्याणी म्हणाली, पुण्याहून काचेची पेटी पाठवते. मी म्हटलं, बापाचे हात काय गहाण पडलेत? जुन्या फर्निचरच्या बाजारात दोन दिवस हिंडलो आणि एक शोकेस आणलं. चार फूट लांब, पुढे सरकत्या काचा, आत कुणाच्या तरी बाहुल्या आणि स्टीलचे कप ठेवल्याच्या खुणा. विकणारा म्हणाला, सागवान. मी नख लावलं आणि मान डोलावली. कल्याणीला फोनवर शोकेस चारही बाजूंनी दाखवलं — अस्सल सागवान, आता असं लाकूड मिळत नाही! ती खूश झाली. एकच गोष्ट तिने तीनदा बजावली : पप्पा, रंग नको, पॉलिश नको, कसलाही वास नको. सरडा बंद जागेत राहतो, वरून दिव्याची ऊब, आतलीच हवा घेतो. मी हो म्हटलं. तीनदा हो म्हटलं.

ते दिवस फार चांगले गेले — हेही सांगायला हवं. माळ्यावरची पेटी उतरवली. मधल्या फळ्या काढल्या, बाजूला हवेसाठी गोल भोकं पाडून जाळी बसवली, वर दिव्याचा होल्डर, खाली शहाबादी फरशीचे तुकडे, चढायला बाभळीची फांदी, साल तासून गुळगुळीत केलेली. अक्का चहा घेऊन यायच्या आणि बघत उभ्या राहायच्या. चुका काढायच्या. त्याला लपायला जागा कुठेय, विचारायच्या. मग मी फुटक्या माठाची खापरं घासून एक आडोसा केला. कितीतरी वर्षांनी माझ्या हाताला लाकडाच्या भुशाचा वास येत होता.

आणि सगळं झाल्यावर एका सकाळी पाहतो तर तळाशी पिवळी भुकटी. रेशमासारखी बारीक. सुताराला हे काय ते सांगावं लागत नाही. पुढची चौकट सागवानी होती, पण मागची फळी आणि तळ आंब्याचा, वरून रंगवलेला. आत लाकूड पोखरणारा भुंगा. टाचणी जाईल एवढी भोकं, मोजायला गेलो तर संपेनात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा — दुसरं काय म्हणणार?

करायचं काय, हे मला माहीत होतं. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. दोन्ही फळ्या काढायच्या, नवीन प्लाय टाकायचा. एका दिवसाचं काम. पण मग कल्याणीला सांगावं लागलं असतं की सरांना सागवान आणि आंबा कळला नाही. रोज संध्याकाळी ती शोकेस बघत होती. एवढीशी गोष्ट! ती हसली असती, मीही हसलो असतो, आणि शेठ — जाऊ दे.

आमच्या खान्देशात एक गोष्ट घरोघर सापडते. शेती असो नसो, कुणा तरी भावाच्या, मेव्हण्याच्या शेतातून आलेली कपाशीवरच्या फवारणीच्या औषधाची उरलेली बाटली. विष कुणी म्हणत नाही, औषधच म्हणतात. दाराच्या चौकटीला वाळवी लागली, खाटेत ढेकूण झाले की थोडं पाण्यात घालून मारायचं. आमचे वडील तेच करायचे, मीही केलं, आणि पोरांनाही — वर्गात नाही, पण चहाच्या टपरीवर — तेच सांगितलं. माझ्या धाकट्या भावाच्या शेतातली अर्धी बाटली माळ्यावर होती. मी ती गच्चीवर आणून ठेवली.

अक्का वाळत घातलेले कपडे काढायला वर आल्या आणि बाटली पाहून थांबल्या. कपाशीत जन्म गेलेला. बाटली लांबून ओळखली त्यांनी.

"भाऊ, यामा जीव ऱ्हाई ना? मंग हाई औषध कसाले?"

मला राग आला. चार घरची भांडी घासणारी बाई मला लाकूड शिकवणार? असाच विचार आला मनात, शब्दही हेच. तोंडाने मात्र म्हटलं, बरं अक्का, फेकून देतो. त्या खाली गेल्या. मी सिरिंज घेतली आणि एकेका भोकात औषध भरलं. वरून मेण आणि भुशाची लुगदी दाबून घासून टाकलं. मागची फळी अशी झाली की भोक होतं हे सांगून पटलं नसतं. आठ दिवस शोकेस गच्चीवर उन्हात ठेवलं. वास गेला. मी स्वतः आत डोकं घालून हुंगलं. गेला म्हणजे गेला.

गच्चीवर, उघड्या हवेत, थंडीच्या दिवसांत — गेला होता.

शेठ नव्या घरात गेला तो दिवस आम्ही साजराच केला. कल्याणी फोनवर, अक्का शेजारी, मी काच सरकवतोय. तो आत शिरला, फांदीवर चढला, दिव्याखाली बसला आणि पाय वर केला. अक्का खूप हसल्या. त्यांना असं हसताना मी कल्याणीची आई असतानाच शेवटचं पाहिलं होतं. थंडी वाढत होती, म्हणून मी मोठा दिवा लावला आणि जाळ्यांवर आतून पुठ्ठा लावून भोकं अर्धी बंद केली. ऊब राहावी म्हणून.

सात-आठ दिवसांनी त्याने खाणं कमी केलं. कल्याणी म्हणाली, थंडीत होतं कधी कधी. मग मान थरथरायला लागली. मग पाय. जळगावातल्या डॉक्टरांनी गाईम्हशी पाहिलेल्या, त्यांनी हात जोडले. पुण्याचे डॉक्टर फोनवर काय काय सांगत होते, मी करत होतो — कोमट पाणी, थेंबाथेंबाने तोंडात. बाराव्या दिवशी सकाळी अक्का कामाला यायच्या आधी तो मेला. तोंडाशी थोडा फेस होता. मी त्याला उचलायला काच सरकवली, डोकं आत घातलं. तापलेल्या लाकडाचा श्वास आला माझ्या तोंडावर. तोच वास. कपाशीच्या वावरात फवारणीनंतर येतो तो.

म्हणजे त्या क्षणी मला कळलं. नंतर नाही, हळूहळू नाही. शेठ माझ्या हातात होता आणि मला सगळं माहीत होतं.

इथपर्यंत जे सांगितलं ती नुसती चूक होती. मूर्खपणा म्हणा, गर्व म्हणा. एवढंच असतं तर मी हे कधीच सांगून मोकळा झालो असतो. झालो असतो ना? आता पुढचं सांगतो.

कल्याणीचा फोन आला. रडत होती. पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते, विषबाधा वाटते. तिने मला विचारलं, पप्पा, घरात कुणी काही वापरलं का? एवढंच विचारलं. नाव तिने घेतलं नव्हतं, नाव मी घेतलं. म्हटलं, अक्का फरशीला फिनेल वापरतात, काचही पुसली असेल त्यानेच.

का? मला तरी ठाऊक आहे का? तिने मला बजावलं होतं, तीनदा, आणि मी तीनदा हो म्हटलं होतं. मला वाटलं ती परत बोलणार नाही. घरात तिचाच काय तो आवाज होता, आणि शेठ तर गेला होता — आता फोन येण्याचं कारणच उरलं नव्हतं. बाप म्हणून तरी चांगला राहू दे, असं काहीतरी मनात आलं असेल. ही सबब नाही. काय आलं ते सांगतोय फक्त.

अक्का आल्या. कल्याणी म्हणाली, फोन त्यांच्याकडे द्या. मी दिला. पोरगी माझी वाईट नाही, पण त्या दिवशी बोलली. अक्का, तुम्ही मारलंत त्याला — हे मला फोनमधून बाहेर ऐकू आलं. अक्कांनी फोन कानापासून लांब धरला नाही, सगळं ऐकून घेतलं. मी खिडकीशी उभा राहून चष्मा पुसत होतो. हात पुढे करून फोन घेता आला असता. दोन पावलांवर होता.

नंतर त्यांनी शेठच्या शोकेसकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या आणि एकच गोष्ट विचारली — गच्चीवरचं ते औषध यात मारलं नव्हतं ना? त्यांना आठवत होतं. आरोप नव्हता त्यात. भरवशाने विचारत होत्या, मी जे सांगेन ते मानायच्या तयारीने.

मी म्हटलं, "नाही अक्का. तेव्हाच फेकून दिलं."

हेच ते. हेच सांगायला बसलो होतो. सरडा मारला, तो अडाणीपणाने. हे मात्र समोर बघत, शुद्धीवर असताना, स्वच्छ आवाजात बोललो.

त्यांनी मान हलवली. म्हणजे मीच, म्हणाल्या. पुढचे दहा दिवस आल्या, फरशी साध्या पाण्याने पुसली, त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मग सांगितलं, गावी भावाकडे जाते, आता होत नाही काम. खरं तर दुसऱ्या घरची कामंही त्यांनी सोडली. मी थांबा म्हटलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं — हेही सांगून टाकतो. महिनाभर वाटत होतं. मग घरात कुणाचाच आवाज येईना. कल्याणीचा फोन पुन्हा रविवारवर गेला. मी टीव्ही लावून ठेवायला लागलो, बघायला नव्हे.

दोन वर्षं गेली. कल्याणीचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या तेव्हा ती म्हणाली, पप्पा, अक्कांची पत्रिका पोस्टाने नाही, तुम्ही स्वतः जाऊन अक्षता देऊन या. मी तेव्हा फार वाईट बोलले त्यांना. माझ्याकडून माफी मागा. आता सांगा, मी काय तोंडाने जायचं? आणि काय तोंडाने नाही म्हणायचं? गेलो. चोपड्याची बस, पुढे गावापर्यंत रिक्षा. वाटेत ठरवलं होतं, आज सांगायचं. वाक्यंही जुळवली होती.

अक्का शेतात होत्या. केळीच्या कडेला मोकळ्या जागेत घरची सगळी जमली होती, भरिताचा बेत होता. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर मोठी हिरवी वांगी. मला पाहून अक्कांचं तोंड असं फुललं, की माझी जुळवलेली वाक्यं तिथेच गेली. पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. माफीचं सांगितलं तर म्हणाल्या, पोरीचं काय चुकलं, खरंच बोलली ती. मला सतरंजीवर बसवलं, स्वतः वांगी सोलली, लाकडी उखळात मिरची-लसूण घालून ठेचली, कांद्याची पात घातली, शेंगदाणे घातले, पुऱ्यांबरोबर ताटात ढीग वाढला. सगळ्यांना वाढलं. स्वतः मात्र ताक-भाकरी घेऊन बसल्या.

मी विचारलं, तुम्ही का नाही घेत? त्यांची भावजय बोलली. आमच्याकडे हातून जीव गेला, मोठं काही घडलं, की बाया आवडीची एखादी वस्तू सोडतात, जन्माची. कुणी गूळ सोडतं, कुणी चहा. अक्कांनी भरीत सोडलं होतं. पूर्वी हिवाळाभर भरिताशिवाय जेवायच्या नाहीत म्हणे. दुसऱ्यांना करून वाढायचं मात्र थांबवलं नव्हतं. कुणाचा जीव गेला, हे भावजयीने मलाच विचारलं — घरात कुणाला सांगत नाहीत, तुमच्याकडेच काही झालं होतं का?

अक्का तिला गप्प बस म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, हळू :

"मन्हा हातवरी जीव गया, भाऊ. कितला गरीब व्हता तो. खा तुम्ही, थंडं व्हई जाई."

सगळे माझ्याकडे बघत होते. अक्काही बघत होत्या — ताटाकडे, मीठ कमी पडलं की काय म्हणून. बोलायला याहून चांगली वेळ आयुष्यात कधी येणार होती?

मी जेवलो. भरीत फार चांगलं झालं होतं, तसं सांगितलंही. अक्कांनी पुन्हा वाढलं आणि मी तेही संपवलं. निघताना त्यांनी घरची वांगी पिशवीत घालून दिली, कल्याणीला आशीर्वाद दिला, बांधापर्यंत पोचवायला आल्या.

लग्नालाही आल्या त्या. कल्याणीने वाकून नमस्कार केला, दोघी रडल्या, मी फोटो काढला. आता पुन्हा हिवाळा लागलाय. चोपड्याकडे वांगी निघाली असतील. अक्का भाजत असतील, ठेचत असतील, सगळ्यांना वाढून स्वतः ताक-भाकरी घेऊन बसत असतील. शेठला मी मारलं, हे तुम्हाला सांगितलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.